मामांचे चार सेकंद

मित्रांनो, मी एक जुना सॅम्पलर आहे. नाव अवघड असलं तरी माझं काम सोपं. एखादा आवाज माझ्या सोळा रबरी बटणांपैकी एकात साठवायचा आणि बोट मारलं की पुन्हा वाजवायचा.

माझी मालकीण चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. तिने मला जुन्या सामानातून उचललं, बटणांच्या फटी कापसाने साफ केल्या आणि दर सुट्टीला माझ्यासमोर बसू लागली. तिला हिपहॉपचा पहिला अल्बम काढायचा होता. त्यात शब्द नाहीत, गाणारं कुणी नाही, नुसते ठेके आणि सूर. काच घासल्याची घरघर, शटरचा खडखडाट, सगळं तिने माझ्या पोटात भरलं.

शेजारच्या खोलीत तिचे मामा राहत. ते बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत. एका दुपारी त्यांचे सूर कानी पडले, तसा तिने हळूच माइक भिंतीला लावला. मामांना पत्ताच नव्हता. मला होता, पण मी काय बोलणार?

अल्बम पुरा व्हायला दोन वर्षं लागली. त्यातली सातवी रचना लोकांनी डोक्यावर घेतली. जो तो ट्रम्पेटची वाहवा करी. वेष्टनावर नाव मात्र तिचं एकटीचं.

मामांनी ती रचना न्हाव्याच्या दुकानात ऐकली आणि थेट तिच्या दारात आले.

"हा मी आहे ना?"

"मामा, चारच सेकंद आहेत रे."

"अगं, मी तेव्हा नुसते ओठ गरम करत होतो. शेवटचा सूर घसरलाय. विचारलं असतंस तर नीट वाजवून दिलं असतं."

"मग आता वाजव. मी बदलते ते."

मधल्या काळात मामांचे पुढचे दात गेले होते, आणि कवळीवर फुंक धरत नव्हती. तिला हे ठाऊक होतं. बोलण्याच्या भरात ती विसरली, आणि आठवताच तिची मान खाली गेली.

नव्या प्रतींवर तिने त्यांचं नाव छापलं. मामांनी प्रत उलटसुलट करून पाहिली. "कागद चांगला आहे," म्हणाले, आणि न ऐकताच कपाटात ठेवून दिली. त्यानंतर तिने मला सुरू केलं नाही.

मित्रांनो, मी धूळ खात पडलोय याचं मला एवढं वाटत नाही. पण मामांचा तो घसरलेला सूर माझ्यात आहे, आणि हजारदा वाजवला तरी मी तो सुधारू शकत नाही. कुणाचं काही घ्यायचं असेल, तर आधी त्याला विचारा. "थांब, नीट देतो," एवढं म्हणायची संधी त्याला मिळू द्या.