गुलाबी पाणी आणि जस्ताची बोटं

आक्कांच्या थोरल्याची ही खोडच होती. घरात आईशी शब्द धड बोलायचा नाही आणि चार माणसं जमली की तोंडातून नुसता मध गळायचा. रविवारी सकाळी तर म्हणाला, "आई, तू आत बस. बाहेर लोक येणारेत." तीस वर्षं प्रयोगशाळेतली काचेची भांडी घासून ज्या बाईनं याला वाढवलं, तिला ही भाषा! आक्का आत बसल्या. दार मात्र उघडं ठेवलं.

पुढची खोली खच्चून भरलेली, चपला पार जिन्यापर्यंत. थोरला त्याच प्रयोगशाळेत सामानाच्या नोंदी ठेवायचा, पण आज अंगात पांढरा कोट आणि लोकांच्या तोंडी 'डॉक्टरसाहेब'. खिशातून त्यानं बोटाच्या पेराएवढी कुपी काढली.

"हे साधं औषध नाही. माणसाचं प्रथिन, पण जंतूंच्या पोटात वाढवलेलं! याला जस्ताची बोटं असतात. ती पेशीत शिरतात आणि रोगाची मानगूट धरतात. काकू, या पुढं."

काकू म्हणजे आक्कांची धाकटी जाऊ. साखरेनं पाऊल सुजलेलं. दोन आठवडे ती अशाच कुपीतले थेंब पीत होती आणि तिनं इन्सुलिनची सुई घेतली नव्हती, कारण पुतण्यानं बजावलं होतं, "सुई आणि प्रथिन एकत्र चालत नाही."

त्यानं तिच्या बोटाला पांढरी भुकटी लावली आणि बोट पेल्यात बुडवायला सांगितलं. पाणी गुलाबी झालं.

"हा बघा रोग!"

मग कुपीतले थेंब सोडले. पाणी पुन्हा स्वच्छ. जाऊबाईंनी हात जोडले. मागून शिंपी ओरडला, "माझ्या आईलाही द्या, साहेब!"

आक्कांना तो गुलाबी रंग चांगला ठाऊक होता. सोड्यानं भांडी धुतली की प्रयोगशाळेतल्या बाई शेवटच्या पाण्यात सोडा ओळखणाऱ्या बिनरंगी औषधाचा एक थेंब टाकायच्या. गुलाबी झालं, म्हणजे सोडा राहिला, पुन्हा धुवा. त्या रंगानं त्यांना किती वेळा मोरीवर परत पाठवलं होतं!

त्या उठल्या. मोरीवरचा धुण्याचा सोडा, शिरक्याची बाटली आणि एक पळी घेऊन थेट बाहेर आल्या.

"डॉक्टरसाहेब, आमच्या पळीलाही साखर झालीय. जरा तपासा की."

"आई, आत जा."

"थांब. पेशंट घाबरतोय." सोडा लावलेली पळी त्यांनी थोरल्यानं पुढच्या माणसासाठी भरून ठेवलेल्या पेल्यात बुडवली. पाणी गुलाबी. वरून शिरका ओतला. पाणी स्वच्छ. "झाली बरी! आता हिला आमटी ढवळायला हरकत नाही."

कुणीतरी फिस्सकन हसलं. आक्का हसल्या नाहीत. त्यांनी थोरल्याच्या हातातली कुपी हिसकावून नाकाला लावली. शिरकाच. मग झाकण उजेडात धरलं.

"ही सुईनं मारलेली फुली दिसते? रिकामी कुपी कुणी परत वापरू नये म्हणून मी मारायची. माझ्याच हातची आहे. आणि कुपीवरची ही ओळ. मला वाचता येत नाही फारसं, पण ही बाईंनी शिकवली होती: फक्त प्रयोगशाळेतल्या संशोधनासाठी, माणसांना देऊ नये. खरं प्रथिन गोठवणीच्या कपाटात राहतं, जरा तापलं की वाया जातं. हा खिशात घालून फिरतोय! आणि ते अजून तपासायचंच चाललंय. त्यानं कुणी बरं झाल्याचं तिथं कुणी म्हणत नाही."

शिंपी आईचं थांबवलेलं औषध आठवून चपला न घालताच घराकडं पळाला. जाऊबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. "मी दोन आठवडे..." एवढंच म्हणाल्या. आक्कांनी त्यांच्या पायाचा मोजा काढला. करंगळी काळी पडली होती.

"दुखत नव्हतं गं, आक्का. मला वाटलं, गुण आला."

संध्याकाळी इस्पितळात जाऊबाईंच्या पायाची दोन बोटं काढावी लागली. बाहेर बाकावर थोरला येऊन बसला. अंगात कोट नव्हता.

"आई, मी विष तर नव्हतं दिलं. नुसता शिरका होता."

"विष दिलं असतंस, तर तिनं ओकून तरी टाकलं असतं. तू तिला भरवसा दिलास आणि सुई सोडवलीस. आता घरी जाऊन आपल्या जिन्यात उभा राहा, आणि येईल त्या प्रत्येकाला सांग, चालू औषध कुणी थांबवायला लावलं, तर त्याला आधी म्हणा, 'तुझ्या कुपीवर काय लिहिलंय ते वाचून दाखव.' मला एकच ओळ वाचता यायची, रे. तुला शाळेत घातलं, तू सगळं वाचलंस, आणि नेमकी तीच ओळ बोटाखाली झाकलीस. आत तिची दोन बोटं गेली. तुझी दहाही शाबूत आहेत, पण त्यातलं एकही आता मला लावू नकोस."