माझ्या नंबरप्लेटची किंमत

मित्रांनो, आधी संजयचा फायदा मांडू, कारण या सगळ्यात फायद्यात राहिलेला तो एकटाच. माझ्या डॅशबोर्डवर पितळी गणपती बसवला तर त्याला काय मिळणार होतं? स्टॅनमोरच्या गणेशमंडळात सांगायला एक वाक्य: "गाडी भावोजींनी बांधली, पण तिच्यात देव आणला मी." फोटोत पुढची जागा. जमलंच तर पुढच्या वर्षीचं अध्यक्षपद. आणि पदरचं काय जाणार होतं? गोंदाची एक ट्यूब. तीसुद्धा भावोजींच्या कपाटातली.

मी एक जुनी गाडी आहे, आणि नवीही. इंजिन भंगारात निघालेल्या एका गाडीचं, सांगाडा मात्र पिनरच्या गॅरेजमध्ये लोखंडी नळ्या जोडून उभा केलेला. जोडणारा डॉक्टर शशिधर. जन्मभर त्याने इथे विलायतेत हॉस्पिटलात पेशंटना भूल दिली आणि निवृत्त झाल्यावर मला जागं करायला घेतलं. त्याची बायको सुप्रभा आधी कुरकुरायची, की या घरातला प्रत्येक टॉवेल गॅरेजमध्ये जाऊन काळं तोंड करून येतो. मग तिनेच माझ्या सीटांची कव्हरं शिवली.

काम चाललं होतं आणि मागे घाई लागली होती. शशिधरचा हात कापू लागला होता. आधी चहाच्या कपात दिसलं, मग स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला. डॉक्टरच तो, पुढे काय होणार हे त्याला दुसऱ्याने सांगायची गरज नव्हती. त्याची इच्छा एवढीशी होती: हात ऐकतायत तोवर एकदा मला स्वतः चालवत मेडनहेडच्या पुलापर्यंत न्यायचं. या देशात आल्यावर सुप्रभाला त्याने पहिल्यांदा तिथे फिरायला नेलं होतं. बसने. परतीची बस चुकली होती, आणि ती अजून त्यावरून त्याला टोमणे मारते.

पण घरी बांधलेल्या गाडीला रस्ता फुकट मिळत नाही. सरकारी केंद्रावर तिचा कानाकोपरा तपासतात. त्यात पास झाली तर नोंदणी, नोंदणी झाली तर नंबर, आणि नंबर असेल तरच रस्ता. तपासणीतला सगळ्यात खट नियम असा, की आत बसलेल्या माणसाचं डोकं जिथे आपटू शकतं, तिथे काहीही टोकदार नको. शशिधरने माझी प्रत्येक कड कानशीने गोल केली, प्रत्येक बोल्टला रबरी टोपी घातली. थरथरत्या हाताने, मित्रांनो. माझ्या अंगावर बोट फिरवलं असतं तर तान्ह्या बाळालाही ओरखडा उठला नसता.

तपासणीच्या आदल्या दिवशी संजय आला. सुप्रभाचा धाकटा भाऊ. नारळ, हळदकुंकू आणि पितळी गणपती घेऊन. मुकुटाला छान टोक होतं. शशिधर हळूच म्हणाला, की टेस्ट झाल्यावर बसवू या का.

"अहो भावोजी, बाप्पाला वेटिंग लिस्टवर टाकताय? हे काय तुमचं हॉस्पिटल आहे?"

सुप्रभा हसली. शशिधरही हसला, आणि मी तिथेच नापास झाले. संजयने मंत्र म्हणून प्रतिष्ठापना केली, फोटो काढले आणि बजावलं, की आता उत्तरपूजेशिवाय मूर्ती हलवायची नाही. मेहुण्याला नाही कसं म्हणायचं? भीड ही भिकेची बहीण, असं आपल्यात उगाच म्हणत नाहीत. मोठमोठ्या सर्जनांना ऑपरेशन थांबवा म्हणून सांगणारा हा माणूस सासरवाडीला कपाटातली गोंदाची ट्यूब काढून देऊन मोकळा झाला.

केंद्रावर मला ट्रेलरवर नेलं. संजय सोबत आला, अर्थातच. तपासनीस शांत माणूस. त्याच्या हातात डोक्याएवढा एक गोळा. तो गोळा माझ्या आत सगळीकडे टेकवत गेला, आणि मुकुटाशी थांबला.

"सर, मूर्ती सुंदर आहे," तो म्हणाला. "पण ब्रेक दाबलात तर तुमचं कपाळ हिच्यावर येणार. काढता येईल का? मी चहा घेऊन येतो, घाई नाही."

बाकी सगळं पास होतं. एक पातळ सुरी आणि एका चहाचा वेळ, एवढंच हवं होतं. शशिधरने टूलबॉक्समधून सुरी काढलीदेखील. मग त्याने संजयकडे पाहिलं.

"बघा बुवा," संजय म्हणाला. "देव तुमचा, गाडी तुमची. मी काय, जे दिसलं ते ताईला सांगीन."

सुरी परत टूलबॉक्समध्ये गेली. मला तोंड नाही, हॉर्न आहे. तो मी वाजवू शकले असते तर त्या दिवशी अख्खं केंद्र गोळा केलं असतं.

मंडळात संजयने सांगितलं, की गोऱ्या साहेबाने आपला देव नापास केला. टाळ्या पडल्या. मंडळाच्या नावाने तक्रार गेली, आणि तिचं उत्तर येईपर्यंत भावोजींनी नवी तारीख मागू नये, आपली बाजू लंगडी पडते, असंही त्याने ठरवून टाकलं. शशिधरने तेही ऐकलं. उत्तर सावकाश आलं, सभ्य आलं: मूर्तीला हरकत नाही, टोकाला आहे. तोवर हिवाळा आला होता, आणि मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी शशिधरला सांगितलं होतं, की आता गाडी चालवायची नाही.

त्या दिवशी सुप्रभा गॅरेजमध्ये आली. तिने माझ्या गणपतीवर अक्षता वाहिल्या, नमस्कार केला आणि स्वयंपाकघरातल्या उलथन्याने त्याला अलगद सोडवलं. मग माझ्याच सीटवर बसून भावाला फोन लावला.

"बाप्पाला मी देव्हाऱ्यात नेतेय. तो रागावलेला नाही, संजय. मी रागावलेय."

नव्या तारखेला मी पास झाले. नंबर आला. संजयचाही फोन आला, की येत्या विसर्जनाच्या मिरवणुकीत गाडी पुढे ठेवू, मीच चालवतो. सुप्रभाने किल्ली डब्यात टाकली आणि डब्यावर तांदूळ ओतले.

परवा आम्ही मेडनहेडला जाऊन आलो. चालवत ती होती. तो शेजारी बसला होता, हात मांडीखाली दाबून. मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचं काही अर्ध्यावर असेल, तर त्यावर आपली शोभा चिकटवू नका. आणि कुणी चिकटवली, तर सुरी परत ठेवू नका.

हिशेब असा मिटला. संजयला टाळ्या मिळाल्या. बाप्पाला देव्हारा, मला नंबर, सुप्रभाला तिने कधी न मागितलेलं स्टिअरिंग. आणि पुलाकडच्या चढावर तिने क्लच दाबला, की शेजारी शशिधरचा डावा पाय रिकाम्या पत्र्यावर दाबला जायचा. पुन्हा, आणि पुन्हा. या सगळ्याची किंमत भरली त्या पायाने.