पहिल्या अंकातील प्रेत

सुज्ञ वाचकांनी क्षणभर मन स्थिर करावे, ही विनंती. पुढील कथेत जो खून आहे तो नाटकातला आहे. मरण मात्र खरे आहे, आणि ते एका माणसाने सकाळपर्यंत आपल्या कानात कोंडून ठेवले होते.

"काका, बाबा गेले," रोह्याहून अमोल फोनवर म्हणाला.

कान्हू तेव्हा शाळेच्या पडवीत अर्ध्या तोंडाला रंग लावून बसला होता. पटांगणात मांडव उभा होता. मे महिन्याचे ऊन खाडीकडे कलले होते.

"कवा?"

"आता, चारला. तुमचंच नाव घेत होते. आठ वाजता उचलनार. उन्हाला हाय, सकालपर्यंत ठेवता येनार नाय. गावात सगल्यांना सांगता ना?"

"सांगतो. तू कुनाला फोन करू नको. मीच सांगतो."

गुणाजी हा कान्हूचा थोरला सख्खा भाऊ. धरमतरच्या अलीकडे मिठागरात दोघांनी तीस वर्षे एकत्र मीठ ओढले. एकाला ठसका लागला तर दुसऱ्याने तांब्या पुढे करावा, असे ते भाऊ होते. गुडघे गेल्यावर गुणाजी मुलाकडे रोह्याला राहिला, एवढेच अंतर त्यांच्यात पडले.

कान्हू सांगण्यासाठीच उठला. परंतु भावकीत सुतक ऐकल्या क्षणापासून लागते. ज्याने ऐकले नाही, तो मोकळा. नाटकातील नऊ जणांपैकी सहा जण त्याच भावकीचे. बातमी त्यांच्या कानी पडली, की नटराजापुढे नारळ फुटणार नाही आणि पडदा उघडणार नाही. आणि पडली नाही, तर गुणाजीला न्यायला गावचा एकही खांदा पोहोचणार नाही.

आत नितेश इन्स्पेक्टरच्या मिशा चिकटवीत होता. तो नाटकाचा दिग्दर्शकही होता. कंपनीतल्या शिफ्ट बदलून त्याने दोन महिने तालीम घेतली होती. अकरा वर्षांनी गावात नाटक उभे राहत होते. बंगल्यात अडकलेली माणसे, एक प्रेत, आणि खुनी त्यांच्यातलाच, असे ते जुन्या वळणाचे नाटक. कान्हू रावसाहेब होता. पहिल्याच प्रवेशात विष पिऊन मरायचे आणि अंकभर चादरीखाली पडून राहायचे, एवढेच त्याचे काम.

"काय काका, मरायच्या आधीच तोंड उतरलंय तुमचं," नितेश म्हणाला.

"नितेश, जरा..."

"थांबा. ही पोरगी बघा, थरथर कापतेय."

पिंकी आरशापुढे बसली होती. आजवर गावात नायिका पनवेलहून भाड्याने येत. गावच्या मुलीने रंग लावण्याची ही पहिलीच वेळ. महिन्याभरात तिचे लग्न होते, आणि सासरी हे चालणार नव्हते.

"काका," ती म्हणाली, "मी विसरले तर चादरीतून हलूच सांगा हां. तुमाला सगल्यांची वाक्यं पाठ हायत."

कान्हू तिच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सांगीन गो बाय."

पूर्वी प्रत्येक नाटकाचा नारळ वडीलधारा म्हणून तोच फोडीत असे. या वेळी तो दूर उभा राहिला. "तूच फोड नितेश. माजे हात रंगाने भरलेत."

सात वाजता पडदा उघडला. रावसाहेब मेले. चादर पडली. पिंकी पायाशी बसून रडू लागली, "बाबा, एकदा डोळे उघडा, मी आले हो." ती एक शब्दही विसरली नाही. चादर मात्र हलू लागली. आधी थोडी, मग गदगदा.

"आगो, मुडदा हसतंय बघ," पुढच्या रांगेतून म्हातारी ठमाबाई मोठ्याने म्हणाली. मांडवभर हशा पिकला.

नितेश सावध नट होता. "हवालदार, पंखा बंद करा. रावसाहेबांना गार लागतंय." त्यावर टाळ्या पडल्या. चादरीखाली कान्हूने स्वतःचे मनगट दातांत धरले.

अंक संपताना आठ वाजले. चार हवालदारांनी प्रेत बाजेसकट खांद्यावर घेतले. चौघेही भावकीचे. विंगेत येताच एकजण पुटपुटला, "उतरा काका, लय जड हाव तुमी."

चादर तोंडावरून निघाली नाही. आतून आवाज आला, "आनखी जरा न्या, रे."

"म्हाताऱ्याला मजा वाटतेय," दुसरा म्हणाला.

आणि हसत हसत त्यांनी त्याला मांडवामागे, शाळेच्या कुंपणापर्यंत नेले.

सकाळी कान्हूने सर्वांना बातमी सांगितली. कोणी त्याला बोल लावला, कोणी नाही. त्या बाजेचा मागचा डावा पाय माझ्या खांद्यावर होता, म्हणून हे लिहिणे माझ्याकडे आले. आपण शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

शिवा काळुराम घरत,
तालुका पेण