सुईपाशी दिवा

कांदा चिरताना मास्तरीणबाईंचं बोट कापलं आणि मुलाला एकदम कंठ फुटला.

"आई, तुला आता दिसत नाही," मुलगा म्हणाला. "सुरी दे इकडं. सोमवारपासून स्वयंपाकाला बाई येतील. तू आराम कर."

आराम! चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवून जिनं घर उभं केलं, तिला आराम म्हणजे शिक्षाच की! निम्म्या गल्लीला शिवण शिकवलं म्हणून तर सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत. आता शिवणयंत्र माळ्यावर गेलं होतं, उरला होता फक्त ओटा. तोही गेला तर दिवसभर करायचं काय, भिंतीशी गप्पा?

त्या तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या. मोतीबिंदू नाही, चष्म्याचा नंबरही तोच. आल्या आल्या त्यांनी चिठ्ठी मुलापुढे आपटली.

"डॉक्टर काय गं, म्हाताऱ्या माणसाचं मन राखतात," तो म्हणाला.

मग मात्र बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरं दुखणं डोळ्यांत नव्हतंच, ते छताला लोंबत होतं. पूर्वी ओट्यावरच्या भिंतीला एक जुनाट ट्यूबलाइट होती. स्वयंपाकघर नवं करताना मुलानं ती काढली आणि हौसेनं मधोमध तीन पितळी दिवे टांगले. देखणे होते, नाही कोण म्हणतं? पण ओट्याशी उभं राहिलं की उजेड सगळा पाठीवर आणि आपलीच सावली कांद्यावर. खिडकीसमोर शेजाऱ्यांची भिंत, त्यामुळे भर दुपारीही तीच गत.

"शिवणयंत्राचा दिवा कुठं असतो रे?" त्यांनी विचारलं.

"सुईपाशी. त्याचं काय?"

"छताला का नसतो?"

"आई, नाचता येईना अंगण वाकडं!" म्हणून तो हसला.

बाई हसल्या नाहीत. रविवारी सकाळी त्यांनी स्वतः फोन करून वायरमनला बोलावलं.

"याला कोणी बोलावलं?" मुलगा दारातच आडवा आला.

"मी. आणि तू जरा बाजूला हो, त्याला आत येऊ दे."

वायरमननं छताकडे पाहिलंसुद्धा नाही. "मावशी, काम करताना तुम्ही उभ्या कुठं राहता?" त्यानं विचारलं. एवढ्या खर्चाच्या स्वयंपाकघरात हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. बाईंना भरून आलं, पण रडायची ही वेळ नव्हती.

"इथं," त्या म्हणाल्या.

"अगं, सगळी शोभा जाईल!" मुलगा कळवळला.

"बरं. ही घे काकडी. माझ्या जागी उभा राहा आणि पातळ चकत्या काप. एकसारख्या झाल्या तर उद्या त्या बाई आल्या तरी मी ब्र काढणार नाही."

सूनबाई चहाचा कप घेऊन दारात येऊन उभी राहिली. अशी मजा रोज थोडीच मिळते! मुलानं बाह्या सरसावल्या. पहिली चकती बोटभर जाड, दुसरी एका बाजूनं पाचर. तो डावीकडे सरकला, सावलीही सरकली. उजवीकडे झाला, ती हजरच. शेवटी काकडीवर नाक टेकेल इतका वाकला, तर होता तेवढाही उजेड गेला.

"अहो, अंगण वाकडं आहे का?" सूनबाईनं विचारलं.

तो चिडला, त्यानं सुरी जोरात दाबली आणि ओरडला, "आई गं!"

बाईंनी कपड्याची चिंधी काढून त्याच्या बोटाला घट्ट गाठ मारली. मग वायरमनकडे वळल्या. "वरच्या कपाटांच्या खाली लाव दिव्यांची पट्टी. पुढच्या कडेला, म्हणजे उजेड हातावर पडेल, डोळ्यांत नाही. ते तीन राहू देत. जेवायच्या टेबलावर सरकव, तिथं शोभतील."

मुलगा चिंधी बांधलेल्या बोटाकडे बघत होता. सुरी अजून त्याच्याच हातात होती. बाईंनी हात पुढे केला.

"दे इकडं ती," त्या म्हणाल्या. "तुला दिसत नाही."