सात कडव्यांचं गाणं

आमच्या गावाला गाण्यातलं काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. गाणी मात्र लागतात. पन्नाशी असो, मुलाची शाळा संपलेली असो, लग्नाला पंचवीस वर्षं झालेली असोत. ओळखीच्या चालीवर नवीन शब्द बसवायचे, कागद छापून प्रत्येक ताटाशी ठेवायचा आणि सगळ्यांनी उभं राहून शेवटापर्यंत म्हणायचा. आधी वाचायचा नाही. मध्येच थांबायचं नाही. कागदावर जे असेल ते म्हणायचं. उद्या कुणी त्यावर बोटीच्या इंजिनाची दुरुस्ती छापली, तर आमचे लोक तीही तीन आवाजांत म्हणतील.

आणि ही गाणी वीस वर्षं एकच बाई लिहीत आली. गुरली. माझी शेजारीण. आमच्या घरांमध्ये एक कुंपण आणि तिच्या न्हाणीघराची खिडकी, एवढंच अंतर.

मी आग्नेते. बंदरावर मासळीच्या लिलावात अडतीस वर्षं वजनकाट्यावर होते. बर्फाचं वजन मासळीत धरून देणारे कोळी मी अडतीस वर्षं पाहिले, त्यामुळे माणसांचं वजन करताना माझा हात सहसा चुकत नाही.

गुरलीला बायपोलरचा आजार आहे. म्हणजे कधी चढ, कधी उतार. चढात तिला झोप लागत नाही, भूक लागत नाही आणि जगात अशक्य असं काही उरत नाही. उतारात तिला अंथरुणातून पाय खाली टाकणंही जमत नाही. वीस वर्षं गावच्या डॉक्टरांनी तिला नुसत्या उदासीच्या गोळ्या दिल्या, कारण ती त्यांच्याकडे फक्त उतारातच जायची. चढात कोण डॉक्टरकडे जातं? आणि गाव तरी कशाला पाठवेल? चढ म्हणजे तर गावाचा हंगाम! दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात तिने अकरा गाणी लिहिली, नौका-मंडळाची खोली पिवळी रंगवून दिली, माझं कुंपणसुद्धा रंगवलं. स्वतःची बोट गावातल्या बोदिलला अशीच देऊन टाकली. आणि बोदिलने घेतली. "गुरली किती मोकळ्या मनाची!" असं म्हणत घेतली.

त्याच बोटीतून, ती देण्याच्या आदल्या दिवशी, गुरलीने आपल्या चार वर्षांच्या नातीला सील दाखवायला खाडीत नेलं होतं. वारा सुटलेला, अंगात तरंगतं जाकीट नाही, ना आजीच्या ना नातीच्या. दोघी परत आल्या. पण किनाऱ्यावर उभ्या असलेल्या लेकीने, मालेनेने, पोरीला उचललं, गाडीत बसवलं आणि आईकडे न बघता निघून गेली.

मग नोव्हेंबर आला. अकरा गाण्यांच्या बदल्यात दारात किती माणसं आली, तर दोन. एक मी आणि एक चुकून आलेला टपालवाला. शेवटी तिला जिल्ह्याच्या रुग्णालयात नेलं, तिथे पहिल्यांदा कुणीतरी चढाबद्दल विचारलं, आणि लिथियम सुरू झालं. हात थोडे थरथरतात, तहान फार लागते, मधूनमधून रक्त तपासावं लागतं. पण माणूस जागच्या जागी राहतो.

गेल्या ऑगस्टमध्ये मालेनेने अट घातली: "एक वर्ष सपाट चाल, आई. एक वर्ष. मग पोरगी तुझ्याकडे." पुढे तिला दिवस राहिले; दुसरं यंदाच्या ऑगस्टमध्ये होणार होतं आणि वर्षही ऑगस्टमध्येच भरत होतं. रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी वही ठेवायला सांगितली होती: किती झोपली, गोळी घेतली का, मन उणे तीन ते अधिक तीन यांपैकी कुठे. मालेने म्हणाली, "एक वही आग्नेतेकडे राहू दे." म्हणजे मी गुरलीच्या खिडकीचा पडदा किती वाजता खाली येतो ते लिहायचं आणि आठवड्याला गोळ्यांची डबी बघायची. काटेवाल्या बाईला पेन्शनीत याहून बरं काम काय मिळणार?

दहा महिने पडदा दहा-सव्वादहाला खाली येत होता. मग जून आला आणि बोदिलच्या बहिणीच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत आली.

बोदिल केक घेऊन आली. स्ट्रॉबेरीचा, तीन थरांचा. हे मी मुद्दाम सांगते, कारण नोव्हेंबरात तिच्या ओव्हनला सुट्टी होती. मी गुरलीच्या स्वयंपाकघरात कोळंबी सोलत बसले होते.

"गुरली, गाणं तुझंच हवं हं," बोदिल म्हणाली. "पण जुन्यासारखं! तू हल्ली चांगली आहेस गं, पण... कसं सांगू..."

"बेचव?" गुरली म्हणाली.

"तसं नाही गं! म्हणजे, मीठ कमी पडलेल्या बटाट्यासारखी."

"लिथियम हे मीठच असतं, बोदिल. मी रोज खाते."

"तेच तर! दोन आठवडे नको खाऊस. माझा प्रेबेन रक्तदाबाची गोळी प्रत्येक समारंभाला बंद ठेवतो. काही होत नाही."

"मागच्या नाताळात तो पायरीवर आडवा पडला होता, त्याला काय म्हणतात?" मी विचारलं.

"तू कोळंबी सोल, आग्नेते. कलावंत माणसाचं तुला काय कळणार? सगळं गाव म्हणतं, गुरलीची खरी प्रतिभा त्या गोळ्यांनी खाल्ली."

गाव हे म्हणत होतं, ते खरंच. ज्या गावाला 'प्रतिभा' हा शब्द फक्त फुकटच्या कामाच्या वेळी आठवतो, ते गाव. बोदिल गेल्यावर गुरली केककडे बघत म्हणाली, "मलाही आठवते गं ती. ती चढातली मी. रस्त्याने चालले की दिवे माझ्यासाठी लागल्यासारखे वाटायचे."

त्यानंतरच्या मंगळवारी मी डबी बघितली. रविवारचा खण भरलेला. सोमवारचाही.

मी वही काढली आणि तिच्यासमोर लिहिलं: रवि, सोम, गोळी नाही. तिचा चेहरा पडला.

"हे मालेनेला दिसेल," ती म्हणाली.

"दिसेल."

"फाडशील का ते पान?"

"अडतीस वर्षांत एकदाही वजन खोडलं नाही मी."

"मग मला दोन आठवडे दे. एकच गाणं. त्यांना हवं तसं."

मी घरी गेले आणि माझी खोकी घेऊन आले. गाण्याचा प्रत्येक कागद मी जपून ठेवते. त्यात माझ्या सत्तरीचं गाणंही होतं. मे महिन्यातल्या त्या अकरांपैकी एक, एकोणीस कडव्यांचं.

"वाच," म्हटलं. "मोठ्याने."

तिने वाचलं. पहिल्या चार कडव्यांना आम्ही दोघी हसलो. माझा काटा, माझा हट्ट, माझा पिवळा रेनकोट, सगळं नेमकं. पाचव्यात सील आले. आठव्यात मी सीलांची राणी. अकराव्यात खाडी, पोप आणि माझा काटा एकाच ओळीत, आणि पुढे तर यमकाला यमक जुळत गेलेलं नुसतं. अर्थ मागे कुठल्यातरी बंदरात उतरून गेलेला. चौदाव्याला ती थांबली.

"हे तुम्ही म्हटलंत?"

"एकोणीसच्या एकोणीस. बोदिल सगळ्यात मोठ्याने. नंतर डोळे पुसत म्हणाली, काय सुंदर!"

"कुणाच्या लक्षात आलं नाही की मी..."

"कुणी वाचलंच नव्हतं गं. मीही नव्हतं वाचलं. टाळ्या वाजवल्या आणि तुझ्या हातात कुंपणाचा ब्रश दिला." तेवढं मला सांगावंच लागलं. माझंही वजन काट्यावर यायला हवं.

तिने पेल्यात पाणी ओतलं आणि म्हणाली, "चारच कडवी चांगली. बाकीची पंधरा आजाराची. आणि ह्यांना ती पंधरा हवीत." रुग्णालयात फोन लावला, झालं ते सांगितलं. तिकडच्या नर्सने सांगितलं की चुकलेल्या गोळ्या भरून काढायच्या नाहीत, आज नेहमीचीच घ्या आणि पुढच्या आठवड्यात रक्त तपासून घ्या. रक्तातल्या लिथियमचा आकडा आला शून्य पूर्णांक सात. हवा तिथे.

गाणं तिने नऊ दिवस लिहिलं. रोज सकाळी एक तास, मग बंद. टंकावं लागलं, कारण हात थरथरत होते. पडदा दहाला खाली.

समारंभाच्या दिवशी पहाटे आम्ही रिवाजाप्रमाणे जोडप्याच्या दाराला हिरव्या फांद्यांची कमान लावली, त्यांना गाऊन उठवलं. संध्याकाळी मंडळाच्या त्याच पिवळ्या खोलीत साठ माणसं जेवायला. डुकराचं भाजलेलं मांस, बटाटे, ताटाशी गुंडाळलेला कागद. बोदिलने चमच्याने पेला वाजवला. "गुरलीचं गाणं! जुन्यासारखं!" सगळे उठले.

पहिली पाच कडवी नवराबायकोची. खरंच गोड. पंचवीस वर्षं नवऱ्याला घोरताना ऐकून बायको ऋतू ओळखायला शिकली, असं काहीतरी. लोक हसत होते, आवाज चढत होते. सहावं आलं, त्याच चालीवर, त्याच जोमात:

मे महिन्यात केक घेऊनी रांग लागली दारी,
नोव्हेंबरात चिटपाखरू नाही, गेली कुठे ही सारी?
बोदिल म्हणते, "गोळ्या सोड, पंधरा दिवस ते किती?
गाणं आमचं रंगू दे, मग बिघडो तुझी स्थिती!"

बोदिलचा आवाज सगळ्यात मोठा. 'बोदिल म्हणते' हे तिने स्वतःच, हात पसरून, वरच्या सुरात म्हटलं. पुढचे शब्द डोळ्यांना दिसले तेव्हा तोंड आधीच उघडं होतं. पण थांबता येत नाही ना! साठ माणसं लाल होत होत शेवटपर्यंत गात राहिली. बोदिलचा नवरा प्रेबेन तर 'स्थिती'वर तान घेऊन गेला. त्याला अजूनही कळलं नव्हतं. सातव्या कडव्यात सगळ्यांना माफी आणि जोडप्याला आशीर्वाद. मग रिवाजाचे तीन जयजयकार. इतके बारीक जयजयकार मी जन्मात ऐकले नाहीत.

मिठाई यायच्या आत बोदिल बाहेर जाऊन मालेनेला फोन करत होती. मी दारातच होते. "मालेने, राजा, वाईट वाटतं सांगायला. तुझी आई पुन्हा चढलीये. लोकांना नाही नाही ते बोलली. तिच्या नजरेतच दिसत होतं."

हीच तर गंमत आहे. निरोगी माणूस चिडला तर तो चिडला. गुरली चिडली तर तिला इंजेक्शन द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालेने आली. पोट पुढे, चेहरा बंद. कोट काढला नाही.

"आग्नेते, वही."

मी वही दिली. ती उभ्यानेच वाचू लागली. गुरली टेबलाशी बसली होती, दोन्ही हात कपाभोवती. माझ्या मनात आलं, ते जूनचं पान नेमकं शेजारच्याला चिकटावं. तेवढ्यात गुरलीच बोलली.

"जूनचं पान वाच. रविवार, सोमवार."

मालेनेने वाचलं. "गोळी नाही. का?"

"बोदिलला गाणं हवं होतं. मलाही हवं होतं. दोन दिवस."

"मला फोन का नाही केलास?"

"तू मुलं देणार नाहीस म्हणून. रुग्णालयाला केला. तुला आता सांगते."

मालेने खाली बसली. पुढची पानं बघितली, रक्ताचा आकडा बघितला, मग माझ्याकडून गाण्याचा कागद मागून घेतला. हळूहळू वाचला. या गावात गाणं म्हणायच्या ऐवजी वाचणारी पहिली व्यक्ती.

"हे तू गोळीवर लिहिलंस?"

"पूर्ण गोळीवर. रोज एक तास."

"म्हणजे मनापासून लिहिलंस."

"शब्दन् शब्द."

मालेनेच्या तोंडाचा कोपरा हलला. तिने कोटाची बटणं सोडली. "वर्ष ठरलेल्या दिवशी नाही भरणार. दोन दिवस पुढे." ती हे इतक्या कोरडेपणाने म्हणाली की माझ्या काट्याला वारस मिळाल्यासारखं वाटलं. "मग दर बुधवारी थोरली येईल, आणि बाळही. वही चालू राहील. आणि बोट नाही."

"बोट बोदिलकडे आहे," गुरली म्हणाली.

मालेनेने पुन्हा कागदाकडे बघितलं. "ते नाही घातलंस गाण्यात?"

"घातलं होतं. आठवं कडवं. काढलं." गुरलीने पाण्याचा घोट घेतला. "लांबत होतं."