भोपळीची दुसरी बाजू

मी एक पिकअप गाडी बोलतेय. रस्त्यावरची नव्हे, टेबलावरची. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत जेवढं अंतर, तेवढी माझी लांबी. मला इंजिन नाही, डिझेल लागत नाही, आणि टेबलाच्या कडेपलीकडे गेले तर तो माझा शेवटचाच प्रवास. तरीही मी स्वतःला गाडी म्हणवते, कारण ज्यांचा हात माझ्यावरून फिरतो त्यांनी मला तसं मानलं आहे.

माझी हकिगत सांगायची तर आधी थोरलीची सांगायला हवी. थोरली म्हणजे खरी गाडी. रंग पिकलेल्या भोपळ्याचा, नाकही तसंच गोल, म्हणून सगळी गल्ली तिला भोपळी म्हणायची. ती चालवायचे ते बाबा. खरं तर मला घडवणाऱ्या लेकीचे ते बाबा, पण मीही त्यांना तेच म्हणते.

बाबांचा धंदा लोकांची घरं हलवण्याचा. कपाटं, पलंग, शिलाईयंत्रं, पिंप, सगळं भोपळीच्या हौद्यात चढायचं. बाबा म्हणायचे, घर बदलताना माणूस सगळं सामान हमालाच्या हवाली करतो, पण एक काहीतरी मांडीवर घेऊन बसतो. कुणी घड्याळ, कुणी कुंडी, कुणी मांजर. त्या एका वस्तूवरून बाबा माणूस ओळखायचे. कुठल्या जिन्यात कपाट आडवं न्यावं लागेल, हे त्यांना दारातूनच कळायचं.

मग त्यांचे डोळे जाऊ लागले. आधी कडा गेल्या, नंतर मधलंही धुरकट झालं. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती टिकेल सांगता येत नाही. एके दिवशी गाडी लावताना भोपळी एका खांबाला घासली. कुणाला काही लागलं नाही. बाबा खाली उतरले, खांब चाचपला, घरात आले आणि किल्ली आईच्या हातात ठेवली.

"आज खांब होता," ते म्हणाले. "उद्या कुणाचं पोर असेल."

पुढे भोपळी भंगारवाल्याकडे गेली. जुनी इतकी होती की दुसरं गिऱ्हाईक मिळालं नाही. बाबा तिला निरोप द्यायला दारापर्यंतसुद्धा आले नाहीत. त्यानंतर त्यांनी तिचं नाव काढलं नाही. काही दिवसांनी उरलेलं दिसणंही थांबलं. खिडकीजवळच्या खुर्चीत ते बसून राहायचे, विचारलं तेवढंच उत्तर द्यायचे. नजर गेलेल्यांसाठी जवळच एक वर्ग चालायचा, तिथे काठी धरून चालायला, घरातली कामं करायला शिकवायचे. आईनं विषय काढला की ते म्हणायचे, "बघू." ज्यांना दिसत नाही त्यांनी "बघू" म्हणून टाळावं, याचं आईला हसूही यायचं आणि रडूही.

लेक एका दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. एक दिवस बाबा खुर्चीत डुलकी घेत असताना तिला त्यांचा हात हलताना दिसला. गुडघ्याशेजारी, हवेतच, ते गिअर टाकत होते. पहिला, दुसरा, तिसरा. ती बराच वेळ उभी राहून बघत होती. त्या संध्याकाळी तिनं ठरवलं, भोपळी पुन्हा करायची. एवढी लहान की बाबांच्या मांडीवर मावेल, आणि एवढी नेमकी की बोटांना पटेल.

म्हणजे माझा जन्म कवळ्यांच्या शेजारचा. कामाची वेळ संपली की मालकीणबाईंच्या परवानगीनं लेक माझ्यावर काम करायची. माझं अंग पातळ पत्र्याचं, नाक प्लास्टरच्या साच्यातून निघालेलं. दातांना ताण द्यायची तार असते, तिची माझी जाळी झाली. आणि माझी सीट ज्या ॲक्रिलिकची आहे, त्याच्या एरवी हिरड्या करतात. वरून तपकिरी रंग दिला आहे, पण खरवडलात तर आत गुलाबी निघेन. मला त्याची लाज नाही. जन्म कुठल्या मातीत झाला यापेक्षा कुणाच्या हातून झाला, हे मी मोठं मानते.

मापांची मात्र पंचाईत होती. भोपळी तर उरली नव्हती. होते ते काही फोटो, आणि त्यातल्या एकात आई गाडीला टेकून उभी. लेकीनं युक्ती काढली. आईची उंची कळली की तिच्यावरून गाडीची काढता येईल. तिनं आईला भिंतीला टेकवलं आणि टेप लावली.

"माप घेतेस तर एखादा ड्रेस तरी शिव," आई म्हणाली.

"हलू नकोस गं. आणि फोटोत काय घातलं होतंस पायात?"

"उंच टाचांच्या चपला. पहिल्या आणि शेवटच्या. तुझे बाबा म्हणाले, गाडीपेक्षा उंच दिसू नकोस."

लेकीनं आईच्या उंचीत टाचा मिळवल्या, वर वय वाढून कमी झालेली थोडी उंचीही धरली. त्या हिशेबात कुठेतरी मी खऱ्या मापापेक्षा किंचित मोठी झाले आहे. आई म्हणते, तिच्या उंचीचा मान राखला गेला.

अखेर मी तयार झाले. बॉनेटवरचा पोचा, मागच्या फाळक्याची वाकलेली कडी, खिडकीची अर्धीच उतरणारी काच, सगळं लेकीनं आणलं होतं. रविवारी सकाळी तिनं मला बाबांच्या हातात दिलं.

"हे काय?"

"भोपळी."

बाबांची बोटं छतावर टेकली आणि तिथेच थांबली. चेहरा आक्रसला.

"खेळणं दे आता मला," ते म्हणाले. "तेवढंच राहिलं होतं."

त्यांनी मला बाजूला सारलं. जोरात नव्हे, पण शेजारी स्टूल असेल असा त्यांचा अंदाज होता आणि स्टूल नव्हतं. मी खाली पडले. बाजूचा आरसा मोडला. लेकीनं तुकडे गोळा केले. मला कपाटावर ठेवून ती आत गेली आणि मोरीतला नळ बराच वेळ वाहत राहिला. बाबा तो आवाज ऐकत बसले होते. मी त्यांच्याकडे बघत होते. रागावलेल्या माणसाचा चेहरा वेगळा असतो. त्यांचा तसा नव्हता.

कपाटावर माझ्यावर धूळ बसू लागली. आरसा पुन्हा लागला नाही. मला वाटलं, आपलं आयुष्य इथेच थांबलं.

मला खाली काढलं ते आईनं. एका दुपारी ती कपाट पुसायला आली, मला उचललं आणि सरळ बाबांच्या मांडीवर ठेवलं.

"अहो, हे धरा जरा. माझे दोन्ही हात अडकलेत."

कपाट पुसायला किती वेळ लागतो? त्या दिवशी आईला फार वेळ लागला. वरचा कप्पा पुसला, मग खालचा, मग पुन्हा वरचा.

बाबांनी आधी मला नुसतं धरलं. मग अंगठा बॉनेटवर आला आणि पोच्यात बसला. तो तिथे थबकला. बोटं जाळीवरून खाली उतरली, मडगार्डवरून वळली, चाक फिरवून पाहिलं, हौद्याच्या तळाशी गेली, फाळक्याची कडी उघडली, लावली. मी श्वास रोखला होता. मला श्वास नाही, पण दुसरा शब्द सापडत नाही. मग हात ड्रायव्हरशेजारच्या बाजूला गेला, जिला गाडीवाले क्लीनर साइड म्हणतात. तो पुढे गेला, मागे आला, पुन्हा गेला.

"ही बाजू कुणाची आहे?" बाबांनी विचारलं.

लेक नुकतीच कामावरून येऊन दारात चपला काढत होती. "म्हणजे?"

"ही भोपळीची बाजू नाही."

"फोटो सगळे त्या बाजूचे आहेत बाबा. या बाजूचा एकही मिळाला नाही. मी सारखीच केली."

"सारखी कशी असेल? दाराच्या खाली पायरी होती. मी वेल्डिंगवाल्याकडून लावून घेतली होती. आणि हँडलच्या खाली दुसरं हँडल, इतक्या खाली." त्यांनी बोटानं जागा दाखवली. "तू चार वर्षांची होतीस. उचलून बसवलेलं तुला चालायचं नाही. माझी मी चढणार, म्हणायचीस."

लेक तिथेच जमिनीवर बसली. "विसरलेच होते मी. तेव्हा वाटायचं, सगळ्याच गाड्यांना तशी पायरी असते."

"तुला कसं कळणार? तू कायम आत बसलेली. बाहेरून कधी बघितलंस?"

आई फडकं हातात घेऊन तशीच उभी होती. आता तिला पुसायला काही उरलं नव्हतं.

"त्या दिवशी मी ढकललं ते..." बाबा म्हणाले.

"आरसा लावता येईल बाबा."

"मी आरशाचं बोलत नाहीये."

"माहीत आहे," लेक म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं मेण आणलं, दातांच्या कामाचं. कोमट पाण्यात धरलं की बोटांच्या म्हणण्याप्रमाणे वळणारं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बाबांनी त्या मेणाची पायरी केली. पहिली जाड झाली, दुसरी वाकडी. नंतरची त्यांना पटली. लेकीनं तिच्यावरून साचा घेतला. माझी एक बाजू लेकीनं केली आहे आणि दुसरी बाबांनी. कितीशा गाड्यांना असं भाग्य मिळतं?

त्यानंतर घरात भोपळीच्या गोष्टी निघू लागल्या. आणि एका सकाळी बाबांनी आपणहून विचारलं, "तो वर्ग कुठे असतो म्हणालात?"

पहिल्या दिवशी ते मला पिशवीत घालून घेऊन गेले. घर बदलताना एक वस्तू मांडीवर घेऊन बसलेल्या माणसासारखे. वर्गात मी हातोहात फिरले. तिथे एक निवृत्त संगीतशिक्षिका आहेत, जन्मापासून न दिसणाऱ्या. त्यांनी मला नाकापासून फाळक्यापर्यंत सावकाश चाचपलं.

"आयुष्यभर गाड्यांत बसले," त्या म्हणाल्या. "पण गाडी अख्खी कशी असते, हे आज कळलं." मग म्हणाल्या, "माझं लहानपणीचं घर करून द्याल का? आतला कोपरा न् कोपरा मला माहीत आहे. बाहेरून ते कसं होतं, कधी कळलंच नाही."

घर पाडल्याला पुष्कळ वर्षं झाली आहेत. पण त्यांचा भाऊ आहे, त्याला आठवतं. आणि बाबांना घरं कळतात.

म्हणून हल्ली संध्याकाळी आमच्या टेबलावर ते घर उभं राहतंय. बाई येतात, भाऊ येतो. बाबा विचारतात, "जिना दारातून डावीकडे की उजवीकडे? कपाट न्यायचं झालं तर वळलं असतं का?" लेक पत्रा कापते. आई चहा ठेवते आणि म्हणते, या घराला तरी माझ्या उंचीची गरज लागणार नाही ना.

आता माझ्याबद्दल. बॉनेटवरचा रंग बोटांनी घासून उडाला आहे, फाळक्याची कडी सैल झाली आहे. लेक म्हणाली, पुन्हा रंगवते. बाबा म्हणाले, राहू दे. आईला मला काचेच्या पेटीत ठेवायचं होतं, तेही झालं नाही, आणि फार बरं झालं. मला बघण्यासाठी केलेलंच नाही. तुमच्या घरी कुणी माझ्यासारखी वस्तू जपून ठेवली असेल, तर एवढंच सांगेन, तिला अधूनमधून हातात घ्या. आम्ही झिजतो, पण त्यात आमचं काही बिघडत नाही.

त्या घराला आज छप्पर बसतंय. टेबलावर जागा हवी, म्हणून बाबांनी मला कडेला सरकवलं आहे. सरकवण्याआधी पुढे हात फिरवून कड कुठे आहे ते त्यांनी पाहिलं. मी इथे मजेत आहे.