फुलीची पेनी

खड्ड्यात काही दिसलं की ते उचलण्याआधी दुसऱ्याला हाक मारायची, आणि दुसऱ्याने येऊन पाहिल्याशिवाय त्याला बोट लावायचं नाही, हा क्लेम लारवुडचा आणि माझा नियम. इंग्लंडात नॉरफकच्या शेतांतून पुरलेला धातू शोधायला डिटेक्टर फिरवणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतले निम्मे सख्ख्या भावापासूनही नाणं लपवतील. आम्ही तसले नाही, हे मी पबमध्ये कितीकांना तोंडावर ऐकवलं आहे. दुसरी रीत क्लेमने पाडलेली. वस्तू काढली की तिच्या जागी आजची एक पेनी पुरायची, म्हणजे जमिनीचे हात रिकामे राहत नाहीत आणि पुढे तिथे खणणाऱ्याला ही जागा आधीच काढलेली आहे हे कळतं. त्याच्या पेनीवर कानशीने ओढलेली एक रेघ असते, माझ्या पेनीवर फुली. माझा उजवा अंगठा तरुणपणी बीट कापायच्या यंत्रात सापडला होता, तेव्हापासून तो वाकत नाही, त्यामुळे फुलीचा एक पाय नेहमी घसरतो. कुणी मुद्दाम काढायला बसलं तरी जमणार नाही अशी ती फुली आहे.

चर्चमागचं गॅदरकोलांचं शेत आम्ही वर्षानुवर्षं कुंपणाबाहेरून न्याहाळत आलो होतो. म्हातारा गॅदरकोल तिथे कुणाला पाऊल ठेवू देत नसे. तो गेला, त्याची बायको डोरीन हो म्हणाली, आणि नेमकी तेव्हाच माझ्या खुब्याची शस्त्रक्रिया निघाली. मागची सगळी पानगळ मी खिडकीशी पडून पाहिली. रविवारी संध्याकाळी क्लेम यायचा, बुटांना ओली माती घेऊन.

"नदीकाठाला फिरून आलो," तो सांगायचा. "गॅदरकोलच्या शेतात मी एकटा जायचा नाही, म्हातारे. तू मेलीस तर बघू."

"मग वाट बघ," मी म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी कुबड्या घेऊन चार पावलं जास्त टाकायचे. त्या एका शब्दावर मी पुन्हा चालायला शिकले.

यंदा बार्ली कापून झाली आणि आम्ही गेलो. धसकटांवर दव होतं, मातीतून गारगोट्या वर आल्या होत्या, क्लेम उताराच्या त्या टोकाला आणि मी ह्या टोकाला. बराच वेळ डब्यांच्या कड्या आणि काडतुसांची बुडं निघाली. मग एक आवाज आला, उथळ आणि ओळखीचा. मी गुडघे टेकले, माती सारली. पेनी होती. तिच्यावर एक रेघ होती.

मी क्लेमला हाक मारली नाही. नियम मी पहिल्यांदा मोडला तो तेव्हा. पेनी खिशात टाकली आणि पुढे सरकले, तर पुढेही तसलीच रेघेची पेनी, आणि त्यापुढेही. शेत कुणीतरी शिस्तीत, सावकाश, एक ओळ न सोडता विंचरून काढलं होतं. मला रडू आलं नाही. रडण्यातली मी नाही. तोंडाला गंजाची चव आली एवढंच.

त्यानंतरच्या खड्ड्यात जी पेनी निघाली तिच्यावर फुली होती. फुलीचा एक पाय घसरलेला होता.

पाणी हवं असं सांगून मी डोरीनच्या घरी गेले. तिने दार उघडलं आणि माझ्या काठीकडे बघत राहिली.

"हे काय गं, म्युरिएल? पायाला काय झालं? गेल्या वर्षी तर फाटकावरून टांग टाकून जायचीस. मी म्हणायचे, ही बया आपल्या सगळ्यांना पुरून उरणार."

"गेल्या वर्षी," मी म्हणाले.

"बस. तुझा निळा मग आहे इथेच." तिने चहात दोन चमचे साखर घातली, न विचारता. साखर मी लग्नाच्या आधी सोडली. "आणि हे बघ, मी फ्रेम करून घेतलं. तू आपण होऊन दिलंस म्हणून, नाहीतर मी कुठली मागते?"

खिडकीच्या कट्ट्यावर काचेमागे चांदीचं पदक होतं, रोमन, त्यावर पंख मिटलेला पक्षी. असलं काहीतरी त्या शेतात असणार असं मी क्लेमला इतकी वर्षं सांगत होते, आणि तो हसत होता. माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर वस्तू मला मिळाली होती, मी ती देऊनही टाकली होती, आणि माझी बोटं तिला एकदाही लागली नव्हती. मी चहा संपवला. गोड चहा वाईट लागला नाही, ह्याचाच मला जास्त राग आला.

क्लेम बांधावर चीजचं सँडविच खात होता. त्याच्या तळव्यावर मी रेघेची एक आणि फुलीची एक पेनी ठेवली.

"तू आला होतास इथे."

"आपण आलो होतो," तो म्हणाला, आणि फुलीवरून अंगठा फिरवला. "ही तर तुझीच."

"मी अंथरुणात होते, क्लेम. तू यायचास मला बघायला."

"हो, यायचो ना." त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. ती असती तर मी त्याला माफ केलं असतं. चोरून खाल्लेल्या मुलासारखा तो थोडा ओशाळला होता. "मी म्हटलं होतं, सांगून टाकू. तूच नको म्हणालीस. म्हणालीस, तिला कळू देऊ नकोस, पडल्या पडल्या उगाच मनाला लावून घेईल."

एवढं बोलून त्याने हात झटकले, हेडफोन चढवले आणि उताराकडे चालू लागला. मी बांधावरच राहिले. भांडायला माझ्याकडे शब्द कमी नाहीत, पण ते कुणाच्या अंगावर टाकायचे ते कळेना.

खाली क्लेम थांबला. डिटेक्टरची तबकडी एका जागी फिरली, तो गुडघ्यांवर बसला, खुरप्याने माती सारली आणि एकदम स्तब्ध झाला. मग नेहमीसारखा हात वर केला. काहीतरी मोठं होतं. तसा हात तो फार क्वचित वर करतो. मी काठी रोवून उठले, "आले," म्हणून ओरडले आणि धसकटांतून जमेल तितक्या घाईने निघाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. तो खड्ड्याच्या कडेवरून जरा बाजूला सरकला, एका माणसापुरती जागा करून दिली आणि वाट पाहत राहिला. मी अजून अर्ध्या वाटेवर होते, तोच त्या मोकळ्या जागेकडे बघून तो मान हलवून हसला, आणि त्याने वस्तू उचलली.